तळघरात कोणी नाही

मालकांनी परवानगी न काढता घराचं तळघर भाड्याने दिलं होतं. तपासणीला आलेल्या अधिकारी बाईंनी छताची उंची मोजली, खिडकी शोधली, ती सापडली नाही.

"काका, इथे कांदे ठेवा, माणसं नकोत. आजच सील करावं लागेल."

"वर्षभर हेच सांगतेय मी," मालकांची बायको पुटपुटली.

दुपारपर्यंत भाडेकरू सामान घेऊन गेले. बाईंनी पंचनामा लिहिला: तळघर रिकामे, आत कोणीही नाही. मालकांनी रागारागाने खाली सही ठोकली. तेवढ्यात आतून नळ टपकल्याचा आवाज आला.

"एक मिनिट, आलोच," म्हणत ते पायऱ्या उतरले. त्यांनी नळ घट्ट पिळला आणि ते वळले, तोच वर दार लागलं. कुलूप खटकन बसलं.

"अहो बाई, मी आत आहे!" ते धावत वर आले आणि दारावर थापा मारू लागले.

बाहेरून बायकोचा घाबरा आवाज आला, "अहो, आतून कोणीतरी हाका मारतंय."

"कोण मारणार?" कोणीतरी तिला समजावलं. तो आवाज मालकांनी लगेच ओळखला. तो त्यांचा स्वतःचाच होता.

"आत कोणी नाही. मीच तर सही केलीय. चल घरात."