बाईंची तब्येत

नवरा दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत होता, तेव्हा सरकारी पाणीपुरवठा कार्यालयातल्या साहेबांनी टायपिस्टबाईंची रजा नाकारली. बाई पोचल्या तोवर सगळं आटोपलं होतं. त्याबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत आणि विसरल्याही नाहीत.

पुढे त्यांच्या निरोप समारंभात साहेब हसत म्हणाले, "बाई, तुमच्या पेन्शनसाठी आता दर महिन्याला आमच्या पगाराला टॅक्सची कात्री लागणार. फार वर्षं घेऊ नका म्हणजे झालं." सगळे खो खो हसले. बाईही हसल्या, जरा जास्तच.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी साखर सोडली. सकाळी फिरायला जाऊ लागल्या, तेही नेमक्या साहेबांच्या फाटकावरून. गुडघे कुरकुरायला लागले, तर सरळ बदलून घेतले.

"कुणासाठी जपतेस गं एवढा जीव?" बहीण विचारायची.

"आहे एक जण," बाई म्हणायच्या.

अखेर साहेबही निवृत्त झाले. बाई पुष्पगुच्छ घेऊन हजर.

"सुटलो बाई तुमच्या तावडीतून," साहेब म्हणाले. "आता कापायला माझा पगारच उरला नाही." मग शेजारच्या तरुणाच्या खांद्यावर हात ठेवून कौतुकानं म्हणाले, "हा आमचा धाकटा. परवाच इथं नोकरीला लागला."

बाईंनी त्या पोराला नखशिखांत न्याहाळलं आणि पुष्पगुच्छ त्याच्याच हातात दिला.

"नोकरी नीट सांभाळ हो बाळा," त्या मायेनं म्हणाल्या. "आमच्या घरात बायका नव्वदीच्या आत जात नाहीत."