अर्धी किनार

पवनीच्या आमच्या विणकर संस्थेतले चारही कॉम्प्युटर मी आज एका सर्व्हरला जोडले. नव्या मागावर पहिला धागा जुन्या हातानं घालायची आमची रीत, म्हणून पहिलं खातं उन्हाळ्यात वारलेल्या, आमच्यातल्या सगळ्यात जुन्या विणकर दुर्गाबाईंच्या नावानं उघडलं. त्यांच्या शेवटच्या साडीची किनार अर्धीच राहिली होती. पुढची नक्षी कोणालाच ठाऊक नव्हती. त्या अर्ध्या नक्षीची फाईल सर्व्हरवर ठेवली; ती बदलायची परवानगी त्यांच्या खात्याला आणि मला, बाकीच्यांनी नुसतं पाहायचं.

फाईल उघडली आणि चारही पडद्यांवर किनार ओळीओळीनं भरू लागली. उरलेली नक्षी चारातल्या एखाद्या जुन्या कॉम्प्युटरवर पडून असेल, तीच येत असावी, असं मला वाटलं.

"जमलं तुले, स्वाती!" सचिव राजकुमारभाऊ टाळ्या पिटत ओरडले. "गेलेली किनार वापस आणली!"

मी ऐटीत सेव्ह दाबलं.

पडद्यावर आलं: फाईल दुर्गाबाई वापरत आहेत.

मागच्या कुलूपबंद खोलीत त्यांचा माग वाजला. किनारीत एक ओळ वाढली.