तिनं न पाहिलेला चेहरा

"मला नको, रेश्माला सांगा," म्हणत समुपदेशक फरांदे मॅडमनी जालिंदरची खुर्ची त्याच्या बायकोसमोर वळवली.

झोप उडाली म्हणून तो इथं येऊ लागला होता. दुखणं झोपेचं नाही, हे मॅडमनी लवकरच ओळखलं आणि आज रेश्मालाही बोलावून घेतलं. जालिंदर-रेश्माची पहिली मुलगी पोटातच गेली, तेव्हा रेश्मा शुद्धीवर नव्हती. ती जागी व्हायच्या आत त्यानं बाळाला माती दिली, घरी जाऊन पाळणा आणि झबलीही देऊन टाकली. तिला सोसवणार नाही, असं त्यानं परस्परच ठरवलं होतं. तेव्हापासून दोघांत भाजीपाल्यापलीकडं बोलणंच उरलं नव्हतं.

"नर्सनं विचारलं होतं, आई उठेपर्यंत थांबायचं का," तो खाली बघत म्हणाला. "मीच नको म्हणालो. तुझं रडणं मला बघवलं नसतं. तुझ्यासाठी नाही गं, माझ्यासाठी केलं मी ते."

आता ही उठून जाणार, असं त्याला वाटलं.

"म्हणजे तुम्ही तिला बघितलंत?"

"हातात घेतलं होतं."

"माफ नाही करणार मी तुम्हाला," ती म्हणाली आणि खुर्ची त्याच्याजवळ ओढून बसली. "पण कशी होती, ते सांगा. सगळं सांगा."

"जावळ दाट होतं. हनुवटी तुझी..." बोलता बोलता त्याला रडू फुटलं, तरी तिनं त्याला थांबू दिलं नाही.