सरणाचं लाकूड

पाटील सटवाजीची बायको सकाळी गेली आणि दुपारपर्यंत सरणाला लाकूड मिळालं नव्हतं. तो जंगलखात्याच्या नाक्यावर गेला.

"ऐनाचं एक वाळकं झाड तोडू दे," तो शिपायाला म्हणाला.

"गोरा साहेब दौऱ्यावर आहे. परवानगीशिवाय काडी हलायची नाही. पाटील, ही दवंडी तुम्हीच पिटवलीत."

पिटवली होती. मोळी आणणाऱ्या बायकांना त्यानं पकडूनही दिलं होतं. म्हणून आज त्याच्या अंगणात कुणी फिरकलं नव्हतं.

सटवाजीनं शिपायादेखत झाड पाडलं. ओंडके एकट्यानं नदीवर ओढले, बायकोलाही एकट्यानंच खांद्यावरून नेलं.

चिता विझत आली तेव्हा पोलीस आले. "चुकून तोडलं म्हणा, साहेब सोडतील," हवालदार हळूच म्हणाला.

"डोंगर आमचा होता. सुटलो तर पुन्हा तोडीन." त्यानं कमरेचा पाटीलकीचा सरकारी पट्टा काढून हवालदाराच्या हातात दिला.

बेड्या घालून त्याला गावातून नेलं. दारं बंदच होती. फक्त साळू तांब्या घेऊन पुढं आली. मोळीपायी तिला त्यानंच कोठडीत धाडलं होतं. तिनं त्याच्या ओंजळीत पाणी ओतलं.

"उद्या आम्ही सगळ्या कोयते घेऊन डोंगरावर जाणार," ती म्हणाली. "तुमच्यासाठी नाही, पाटील. चुली पेटवायच्यात."