उजव्या काडीचा स्क्रू

“पुन्हा तोच?” चष्मेवालीने हात पुढे केला.

“पुन्हा तोच,” प्रूफवाला ओशाळून हसला आणि रुमालात गुंडाळलेला चष्मा काउंटरवर ठेवला. उजवी काडी निखळून वेगळी झाली होती. “वाचता वाचता काडी थेट मांडीवर. छापखान्यात माझं हसं झालंय.”

हा सलग सातवा गुरुवार. कोपऱ्यावरच्या छापखान्यात तो प्रुफं तपासायचा. पहिल्या खेपेला पाच मिनिटांत गेला होता. आता अर्धा तास बसायचा. मागच्या खोलीतलं स्टूल हल्ली पुढेच असायचं. तो छपाईतल्या गमती सांगायचा आणि ती मान खाली घालून हसायची. तिने नवा स्क्रू बसवला, आवळला, काडी दोनदा उघडमीट करून दाखवली. तो गेला आणि नेहमीसारखं तिचं कशातच मन लागेना.

तेवढ्यात एक म्हातारी सुईण आली. तिच्याही चष्म्याची काडी लटकत होती. चष्मेवालीने खणातून बोटभर बाटली काढली, स्क्रूच्या आट्यांवर निळ्या डिंकाचा थेंब सोडला आणि स्क्रू आवळला.

“हा डिंक वाळला की स्क्रू हलायचा नाही, आजी.”

“म्हणजे मी जाईन, पण हा जायचा नाही,” सुईण म्हणाली आणि स्वतःच खो खो हसली.

पावत्या लिहिणारी नणंद मात्र गप्प बसणारी नव्हती. “वहिनी, तो प्रूफवाला मुद्दाम ढिला करून आणतो. आंधळ्यालाही दिसेल, आपण तर चष्म्याच्या दुकानात बसलोय.”

“काहीतरीच तुझं,” चष्मेवाली म्हणाली. पण तिचा चेहरा तापला.

संसार चांगला होता, दुखणं तेच होतं. नवरा मागच्या खोलीत काचा घासायचा. अगदी देवमाणूस. यंत्राच्या घरघरीत त्याला पुढचं ऐकू येत नसे, आणि आलं असतं तरी त्याने संशय घेतला नसता. बारा वर्षांत दोघांनी चर्चमधली रविवारची उपासना चुकवली नव्हती. संडे स्कूलमध्ये ती मुलांना शिकवायची की अंतःकरण म्हणजे घर, त्यावर पहारा ठेवायचा. हल्ली हे सांगताना तिची जीभ अडखळायची.

रविवारी उपासनेनंतर ती पाळकबाईंकडे गेली. त्या प्रभुभोजनाच्या मेजावरच्या पांढऱ्या कापडाला इस्त्री करत होत्या.

“एक गिऱ्हाईक आहे. गुरुवार उजाडला की माझी नजर दाराकडेच असते. रोज प्रार्थना करते, प्रभू, त्याचं येणं थांबव.”

“काही वावगं बोलला?”

“नाही.”

“तुझ्या वाटेला गेला?”

“नाही हो!”

पाळकबाईंनी इस्त्री उभी केली. “मग त्याच्या नावाने देवाला कशाला शिणवतेस? घराची कडी आतूनच लावायची असते, बाई.”

चार दिवस तिला धड झोप नव्हती. घरातली भांडी तिने विनाकारण दोनदा घासली. नवऱ्याने विचारलं, “बरं वाटत नाही का?” तेव्हा ती त्याच्यावर उगाच खेकसली, आणि मग मोरीत जाऊन रडली.

गुरुवारी प्रूफवाला आला तो स्टुलावर बसलाच नाही. रुमाल सोडतानाच म्हणाला, “काल काडी हाताने धरून वाचलं. अर्ध्या चुका नजरेतून सुटल्या. मालक म्हणतात, पुन्हा असं झालं तर दुसरा माणूस बघतो. बाई, घरी दोन पोरी आहेत माझ्या.”

नणंदेने चष्मेवालीकडे पाहून डोळे मिचकावले.

नेमकं मागचं यंत्र थांबलं आणि नवरा हात पुसत बाहेर आला. त्याने चष्मा उजेडात धरला.

“आठ वेळा? हिच्या हातचा स्क्रू वर्षभर हलत नाही हो! तुम्ही काडी ओढता का?”

“मुद्दाम ओढत असतील,” नणंद पुटपुटली.

प्रूफवाल्याचा चेहरा उतरला. “मी? मी कशाला ओढेन?”

सगळे चष्मेवालीकडे बघत राहिले. नुसती होकारार्थी मान हलवली असती तरी सुटली असती ती. तो माणूस खाली मान घालून निघून गेला असता, आणि प्रार्थनाही फळाला आली असती.

“ते ओढत नाहीत,” ती म्हणाली.

“मग तूच बघ बाई,” नवरा हसून म्हणाला आणि चष्मा तिच्या ओंजळीत ठेवला. “तुझ्याइतका सफाईदार हात माझा नाही.”

तिने नवा स्क्रू चिमटीत धरला.

“आता तुम्हाला यावं लागणार नाही,” ती प्रूफवाल्याकडे न बघता म्हणाली.

“मागच्या गुरुवारीही मला तसंच वाटलं होतं.”

तिने खण उघडला, निळ्या डिंकाची बाटली काढली, आणि आठ गुरुवारांत पहिल्यांदाच त्याच्या स्क्रूवर थेंब सोडला.