शेवटच्या टेबलावरची माशी

शाल्मलीने तिसऱ्यांदा मायक्रोस्कोपला डोळा लावला. माशी होती. डोळे होते, पंख होते, सहाच्या सहा पाय होते. अँटेना तेवढा नव्हता. एका बाजूचाही नाही.

प्रश्न दहा गुणांचा होता: अँटेनाचे वर्णन करून माशी ओळखा. प्राणिशास्त्राच्या याच प्रात्यक्षिकात ती गेल्या वर्षी चार गुणांनी आपटली होती. आणि खानापूरच्या हायस्कुलातली शिक्षिकेची जागा तिच्यासाठी फक्त जूनपर्यंत थांबणार होती.

उत्तर तिला पाठ होतं. बेळगावच्या या कॉलेजात ते सगळ्यांनाच पाठ असे. सीनियरची वही ज्युनियरकडे येई आणि वहीत असे: शेवटच्या टेबलावर घरमाशी. अँटेना आखूड, तीन खंडांचा. तिसऱ्या खंडावर अरिस्टा नावाचा केस, टोकापर्यंत दोन्ही बाजूंनी पिसासारखा. गेल्या वर्षी घाईघाईत शाल्मलीने हा केस पहिल्याच खंडावर उगववला होता. म्हणून यंदा ती नुसती घोकत बसली नाही. कंग्राळीला काकांच्या गोठ्यात बरणी घेऊन गेली, माश्या धरल्या, भिंगाखाली एकेकीचं तोंड पाहिलं. टोकापर्यंत पीस ती घरमाशी. शेंडा बोडका ती मांसमाशी. लोकं माश्या हाकलत्यात, ही पाळाय लागलीया, असं भावकूकाका गावभर सांगत सुटले होते.

पाहायची सवय लागली आणि तिथंच घात झाला.

बाहेरून आलेले परीक्षक नागेंद्र सर टेबलापाशी थांबले. कोरा कागद पाहून त्यांनी भुवई उचलली.

"सर, हिला अँटेनाच नाही," शाल्मली म्हणाली.

आधीच्या अकरा जणांनी तो सविस्तर वर्णिला आहे, असं सरांनी थंडपणे कळवलं. मग स्वतः वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले. असता तर काय पाहिलं असतंस, असं त्यांनी विचारलं. तिने अरिस्टा कुठं उगवतो, कुठवर पीस, कुठं बोडका, सगळं सांगितलं. पण हिला घरमाशी म्हणायला मी तयार नाही, हेही सांगितलं. सरांनी कोऱ्या कागदावर दहापैकी दहा लिहिले.

मग उरलेले अकरा कागद पुढ्यात ओढून त्यांनी लाल पेनाचं टोपण काढलं. मीही याच लॅबमध्ये शिकलो, आमच्या वेळी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एक अक्षर लिहायची कुणाची छाती नव्हती, सुवर्णपदक काही उगाच मिळत नाही, असं बरंच काही वर्गाला ऐकवून झालं. ही माशी अशी कधीपासून आहे, असं त्यांनी लॅबचे जुने शिपाई यल्लाप्पा यांना दरडावून विचारलं.

"पंच्याण्णव सालापासनं, सर," यल्लाप्पा अदबीनं म्हणाले. "तुमच्याच परीक्षेत, तुमच्याच चिमट्यानं दोन्हीकडचा अँटेना मोडला. तरी तुमी दीड पान लिव्हलतासा."