कामाची बोलणी

"पगाराचं चुकूनही विचारू नको, काकी. हावरट दिसतं," बाकावर शेजारी आपल्या नंबराची वाट बघत बसलेली योगिता जमनाला म्हणाली. योगिता बारावी पास. मुलाखतीला कसं बसावं, कसं हसावं, याचे मोबाइलवरचे सगळे व्हिडिओ तिनं पाहिले होते. "आणि काम काय, तेही विचारायचं नाही. पडेल ते करीन, म्हणायचं."

जमनानं मान हलवली, पण तिला ते काही पटलं नाही. लग्नाआधीपासून ती तलासरीच्या नाक्यावर मजुरीला उभी राहत आली होती. तिथली रीत सरळ होती. टेम्पो थांबला की आधी काम विचारायचं, मग रोज, म्हणजे दिवसाची मजुरी, विचारायचा आणि दोन्ही पटलं तरच चढायचं. न विचारता चढणारीची बाकीच्या बाया दिवसभर चेष्टा करत.

उधव्याजवळच्या आश्रमशाळेला स्वयंपाकघरात मदतनीस हवी होती. जागा एक आणि बाकावर बाया आठ-दहा. जमनाला ही जागा अगदी जिवापाड हवी होती. दिवाळी झाली की दरवर्षी तिचं सगळं घर वीटभट्टीवर कामाला जायचं आणि तिच्या लेकीची, शुक्रीची, शाळा अर्ध्यावर सुटायची. यंदा शुक्री पाचवीत होती.

नाव पुकारलं. आत टेबलामागे प्रकल्प कार्यालयाचे साहेब आणि शाळेच्या मोठ्या बाई, नूतन मॅडम, बसले होते. साहेब तोंड उघडणार, इतक्यात जमनानंच विचारलं, "काम काय काय हाय, साहेब?"

साहेबांचं पेन हवेतच राहिलं. बिचारे सकाळपासून 'पडेल ते करीन' ऐकून पेंगुळले होते. ते आता नीट बसले.

"मुलाखत कोण कोणाची घेतंय, बाई?"

"तुम्हीच घ्या ना. पन काम कळल्याबिगर जमंल का नाय, ते मी कसं सांगू?"

नूतन मॅडमना हसू आवरेना. "तांदूळ निवडायचे, भाकऱ्या करायच्या, भांडी घासायची. दोनशे मुलांचं."

"लाकडं फोडायची?"

"गॅस आहे."

"बरं. रोज किती?"

"रोज नसतो, महिन्याचा पगार असतो." मॅडमनी आकडा सांगितला. जमनानं तो भट्टीच्या हिशेबाशी ताडून पाहिला. वाईट नव्हता. मग तिचा आवाज एकदम बारीक झाला.

"दिवाळीनंतर पन काम हाय?"

"बारा महिने आहे."

जमनाचा चेहरा असा काही फुलला की साहेबही उगाचच हसले. "मंग पटलं मला," असं म्हणून तिनं पदर कमरेला खोचला आणि मागच्या दारानं निघून गेली.

"अहो, आमचे प्रश्न राहिले की!" साहेब ओरडले, पण ऐकायला होतं कोण?

त्यानंतर साहेबांनी प्रत्येकीला आपणहून विचारलं, "तुम्हाला काही विचारायचंय?" सगळ्या 'नाही' म्हणाल्या. योगिता तर व्हिडिओत दाखवतात तशी छान हसून 'नाही' म्हणाली.

दुपारी जेवणाची घंटा वेळेवर झाली, याचंच नूतन मॅडमना आश्चर्य वाटलं. साहेबांना घेऊन त्या स्वयंपाकघरात गेल्या, तर म्हातारी बायजी, एरवी एकटीनं सगळं रेटणारी, पाय पसरून निवांत चहा पीत होती. घासलेली पातेली उन्हात चकचकत होती. आणि तव्यापुढे जमना, कोपरापर्यंत पीठ.

"जमनाबाई, हे काय? अजून निवड व्हायचीय!"

जमनाचा हात थांबला. "बोलणी तर झाली ना? नाक्यावर बोलणी झाली की कामालाच लागतात." तिनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. तिचा चेहरा उतरला. "म्हंजे नाय लागलं काम?"

साहेबांनी गरम भाकरीचा तुकडा मोडून तोंडात टाकला. बायजी कप तसाच हातात धरून त्यांच्याकडे बघत राहिली.

"मॅडम, तुम्हाला यांना काही विचारायचंय?" साहेबांनी विचारलं.

"एकच," मॅडम म्हणाल्या. "उद्या किती वाजता येणार?"

जमनाला हसू की रडू ते कळेना. तिनं पिठाच्या हातानंच डोळे पुसले, तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, "उद्याचं मागून बोलू. आजचा दिवस पगारात धरला का नाय, ते आधी सांगा."